वर चार टाक की!

तिसऱ्यांचा विषय निघाला की माझा आवाज अर्धी पट्टी वर चढतो. मासे काय, सगळेच खातात. पापलेट आणि सुरमई यांतला फरक आता देशावरच्या लोकांनाही कळतो, हे मी मोठ्या मनाने मान्य केलेलं आहे. पण ताटात शिंपल्यांचा खडखडाट झाला की खरा खाणारा कोण आणि नुसता पाहुणा कोण ते उघड होतं, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना ऐकवतो आहे. मालवणात जन्माला येण्यात माझं कर्तृत्व शून्य. पण ज्यात आपलं काही कर्तृत्व नाही त्याचाच अभिमान जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

अलीकडे मात्र एवढ्यावर भागेना. पुण्यात दर दोन गल्ल्यांआड ‘अस्सल मालवणी’ची पाटी लागली आणि माझं संस्थान खालसा झालं. मग मी आंतरराष्ट्रीय झालो. कुणी तिसऱ्यांच्या सुक्याची तारीफ केली की मी सावकाश इटलीवर जातो. वोंगोले म्हणजे तिकडच्या तिसऱ्या. लसूण, ऑलिव्ह तेल, पांढरी वाईन, वरून पार्सली. तिथून फ्रान्स. बुलो नावाची समुद्री गोगलगाय ते उकडून मेयोनेजबरोबर खातात, आणि तिच्याहून बारकी बिगोर्नो टाचणीने उकरून काढतात. टाचणी जेवणाच्या टेबलावर मिळते, हा तपशील मी कधीच गाळत नाही. मग कोरिया. तिथे हीच बुलोची भावंडं लाल तिखटात आणि व्हिनेगरमध्ये कालवून बिअरबरोबर खातात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पकडलेल्या या गोगलगायी इंग्रज स्वतः फारशा खात नाहीत, बराचसा माल थेट कोरियाला जातो. तिकडे बहामात मोठ्या शंखातला जीव कच्चाच चिरतात, त्यात कांदा, टोमॅटो, मिरची आणि भरपूर लिंबू. म्हणजे आपली कोशिंबीरच. यातले अर्ध्याहून अधिक पदार्थ मी चाखलेले नाहीत. त्यामुळेच त्यांच्याविषयी बोलताना मला अडखळायला होत नाही.

आमच्या शेजारच्या अण्णांना हे ऐकवत नाही. “गोगलगायी? शी शी! कसे हो खातात?” असं म्हणून ते घरात जातात, हातपाय धुतात आणि देवघरातला शंख पुसून जागेवर ठेवतात. तो शंख म्हणजे मनारच्या आखातातल्या तशाच एका गोगलगायीचं राहतं घर आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुळजाभवानीच्या भुत्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ हीही समुद्री गोगलगायींचीच वसाहत. शेजारधर्म म्हणून मी गप्प आहे.

पण माझा खरा हुकमी एक्का वेगळाच. त्याचं नाव मिंग. ऐकणारा उठायच्या बेतात आहे असं दिसलं की मी मिंग काढतो.

मिंग ही आइसलँडजवळच्या समुद्रात तळाशी राहणारी एक शिंपली. २००६ साली ब्रिटिश संशोधकांनी ती इतर शेकडो शिंपल्यांबरोबर वर काढली. झाडाच्या खोडासारख्या शिंपल्यावरही वर्षावर्षाच्या रेघा उमटतात. त्या मोजल्या तेव्हा वय निघालं चारशे पाच. म्हणजे जन्म चीनमधल्या मिंग राजवटीतला, म्हणून वर्तमानपत्रवाल्यांनी मिंग नाव ठेवलं. पुढे २०१३ साली नीट फेरमोजणी झाली आणि आकडा पाचशे सातवर गेला. जन्मसाल १४९९! वास्को द गामा कालिकतचा दौरा उरकून लिस्बनला परत पोचला, त्याच साली इकडे हिचं बारसं. शिवराज्याभिषेकाच्या वेळी ही एकशे पंचाहत्तर वर्षांची. पानिपत झालं तेव्हा दोनशे बासष्ट. आपल्याकडे माणूस ऐंशीच्या पुढे गेला की आपण सहस्रचंद्रदर्शन करतो. हिचं सहा वेळा करावं लागलं असतं, आणि हिने एकदाही चंद्र पाहिलेला नव्हता, कारण बघायला डोळेच नाहीत. दीर्घायुष्याचं गुपित काय? पाणी थंड, शरीराचा सगळा कारभार अतिसावकाश आणि तोंड बराच वेळ बंद. यातलं शेवटचं पथ्य आमच्या घरी मला वारंवार सुचवलं जातं. असो. तर अशी ही पाच शतकं सुखाने जगलेली म्हातारी मेली कशी? तिचं वय किती आहे हे शोधायला निघालेल्या लोकांनी तिला बोटीवरच गोठवलं.

इथे मी थांबतो, लोकांना हळहळू देतो. मग हळूच पुढची सोडतो, की याच जातीच्या शिंपल्या अमेरिकेत क्लॅम चाउडर नावाच्या सूपसाठी डबाबंद होतात. म्हणजे पेशवाईत जन्मलेली एखादी बोस्टनमध्ये कुणाच्या तरी वाडग्यात दूध-बटाट्याबरोबर तरंगून गेली असेल. त्या सूपवरून तिथे केवढे वाद! मेन राज्याच्या विधिमंडळात १९३९ साली चाउडरमध्ये टोमॅटो घालणं बेकायदा ठरवावं म्हणून विधेयक मांडलं गेलं होतं. मला ते आमदार फार जवळचे वाटतात. तिसऱ्यांच्या सुक्यात कोकमाऐवजी टोमॅटो घालणाऱ्यांबाबत माझंही मत याहून सौम्य नाही.

हे सगळं मी एकदा गावी आत्येसमोर चालू केलं. आत्ये विळीवर बसली होती. एक एक तिसरी पात्यावर धरायची, दाबायची, कट्ट करून उघडायची, आतला गर बोटाने एका शिंपीत सारायचा, दुसरी फेकायची, आतलं खारट पाणी सांडू न देता खालच्या टोपात धरायचं. एकशिपी करायची ती अशी. दुपारभर बसलं तर चार माणसांचं कालवण होतं. मिंग पानिपतापर्यंत आली तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “खावक सगळे येतत, चिरूक कोण येना नाय.” मी विळीकडे बघून न्यूझीलंडवर जायचा विचार रद्द केला. तिच्या अंगठ्याच्या पेरावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. शिंपीची धार लागून झालेल्या. त्या मोजायला कुणी बोट घेऊन आलेलं नाही.

आणि आत्येच्या विळीपर्यंत यायच्या आधी तिसऱ्या खाडीतून कुणीतरी काढाव्या लागतात. त्याला भरती-ओहोटीचा हिशेब लागतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. आमच्याकडच्या बायका हे बोटांवर करतात, घड्याळ न बघता. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे मोठी ओहोटी लागते, तेव्हा कंबरभर पाण्यात आणि चिखलात उतरून पायाने चाचपायचं, हाताने उपसायचं आणि पाणी फिरायच्या आत बाहेर यायचं. हा हिशेब चुकून चालत नाही. इंग्लंडमध्ये मोरकम खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री चिनी मजूर कॉकल म्हणजे शिंपल्याच वेचत होते. परदेशी, कागदपत्रं नसलेली, त्या खाडीची भरती ठाऊक नसलेली माणसं. काम देणाऱ्यांनी त्यांना वाळूवर उतरवलं. भरती मागून आली. तेवीस जण गेले. त्यानंतर तिथे मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. माझ्या आंतरराष्ट्रीय व्याख्यानात ही गोष्ट कधीच नसते. तिच्यावर कुणी “वा!” म्हणत नाही.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मागे पुण्यात एका चकचकीत हॉटेलात वोंगोले मागवले. साडेआठशे रुपये. मोठी बशी, मध्ये शेवयांचं घरटं, त्यात अकरा तिसऱ्या. अकरा! मी त्या दोनदा मोजल्या आणि एक शब्द बोललो नाही. उलट वाढप्याला इटालियनमध्ये “ग्रात्सिए” म्हटलं. तो कुडाळचा निघाला. “सावकाश जेवा हां,” म्हणाला.

त्याच आठवड्यात रविवारी मी मासळीबाजारात. समोर मावशी, पुढ्यात ओल्या गोणपाटावर तिसऱ्यांचे वाटे. एका वाट्यात सहज पाऊणशे नग. भाव दोनशे. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “दीडशे घ्या की.” त्यांनी मान हलवली. “बरं, वर चार टाका.” त्यांनी चार टाकल्या. मी म्हटलं, “अजून दोन.” शेजारी एक गृहस्थ उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर दिसला. हाच तो आदर मला मिंग सांगूनही कधी मिळालेला नाही.

मावशींनी त्या दोनही टाकल्या. चिखलाने काळी झालेली नखं, पाण्याने सुरकुतलेली बोटं. वर म्हणाल्या, “दादा, पाण्यात ठेवा तासभर, वाळू टाकतील.”

तेव्हा वाचकहो, तिसऱ्या घ्यायच्या तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास घ्या, माल ताजा मिळतो. मिटलेल्या घ्या. शिजवल्यावर ज्या उघडणार नाहीत त्या टाकून द्या. टोमॅटो घालू नका. वाटा सांगतील त्या भावाने घ्या, आणि घासाघीस केल्याशिवाय जेवण पचतच नसेल तर ती त्या हॉटेलात करा. अकराच्या बारा झाल्या तर मला जरूर कळवा.