अर्थपूर्ण वादन

एका गिटारला दोन अँप्लिफायर जोडायचं ठरवलं त्या दिवशी मला खात्रीनं वाजवता येतील अशा कॉर्ड तीन होत्या. “म्हणजे दर अँप्लिफायरला दीड,” बायको म्हणाली.

झालं असं, की गेल्या कोजागिरीला गल्लीतल्या गच्चीवर मी वाजवलं आणि समोरच्या काकू दुधाचा पेला हातात देत म्हणाल्या, “छान! आवाज जरा भरीव हवा होता.” त्या माझ्या बोटांबद्दल बोलल्या असत्या तर सराव करावा लागला असता. आवाजाबद्दल बोलल्या, त्यामुळे खरेदीवर भागलं. जवळ 20 वॉटचा अँप्लिफायर होताच. इंजिनिअरिंगला पुण्याला निघालेल्या एका मुलाकडून 30 वॉटचा आणखी एक घेतला. वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलनं चढतो आणि कानाला दुप्पट वाटायला वॉट दसपट लागतात, हे पैसे देऊन झाल्यावर समजलं. त्यातून हे नाशिक. ज्या गावचा ढोल गावाच्याच नावानं ओळखला जातो, तिथं 50 वॉटनी कुणाला दचकवणार? शिवाय ढोलाला प्लग लागत नाही.

पण मला मोठा आवाज नको होता, रुंद हवा होता. डावीकडून मी, उजवीकडूनही मीच. क्वीनचा ब्रायन मे व्हॉक्सचे तीन एसी-30 अँप्लिफायर वापरून एकटाच तिघांसारखा वाजतो, असं वाचलं होतं. तो तारा छेडायला पिकऐवजी सहा पेनीचं नाणं वापरतो, म्हणून मी देवघरातल्या डबीतून चार आण्याचं नाणं काढलं. चार आणे 2011 सालीच चलनातून बाद झाले. माझ्या हातात येऊन त्यांची आणखी अवहेलना झाली. त्याच लेखात पुढे होतं, की मेनं आपली गिटार 1963 पासून वडिलांच्या सोबतीनं घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. ते पान मी घाईनं उलटलं. मला अँप्लिफायरांची संख्या तेवढी हवी होती.

एक वायर आत, दोन बाहेर असा स्वस्तातला स्प्लिटर आणला. दोन्ही अँप्लिफायर चालू केले. मी अजून तारेला हातही लावला नव्हता, तर दोघांनी मिळून सूर धरला: घुंऽऽऽ. तंबोरा सुरू, गवई मात्र आला नाही, असं काहीतरी. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, आणि 49 हा खर्जातला जी. म्हणजे महावितरण सदैव किंचित चढ्या जीमध्ये गात असतं. अमेरिकेत 60 हेलकावे. तिथली घुंऽऽ बी-फ्लॅट आणि बीच्या मध्ये कुठेतरी अडकते. निदान ह्या बाबतीत आपण जास्त सुरात आहोत.

घुंऽऽचं कारण साधं होतं. दोन्ही अँप्लिफायर आपापल्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेले. गिटारच्या वायरीवरच्या जाळीनं त्यांना एकमेकांशीही जोडलं. झालं कडं तयार. त्या कड्यात घरभरची वीज आपली सावली पाडते आणि अँप्लिफायर ती सावली इमानदारीनं मोठी करून दाखवतो. कडं तोडायला हवं एवढं कळलं. मी 30 वॉटवाल्याचा थ्री-पिन टॉप उघडला, हिरवी वायर सोडवली, टॉप बंद केला. घुंऽऽ गेली! मी तिन्ही कॉर्ड वाजवल्या. मग त्याच तीन उलट क्रमानं. डावीकडे मी, उजवीकडे मी, आणि दारात अण्णा.

अण्णा, माझे वडील, 84 वर्षांचे आहेत. कानातलं मशीन टेबलावर होतं. पण हयात ट्रान्सफॉर्मरखाली घालवलेल्या वायरमनला 50 हर्ट्झ पायातून कळतात. चालू झालेलं कळलं होतं, बंद पडलेलंही कळलं. टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत ते म्हणाले, “अरे, ह्यात अर्थ कुठाय?”

मी दुखावलो. “अण्णा, संगीतात असा लगेच अर्थ शोधायचा नसतो.”

त्यांनी टॉपकडे बोट दाखवलं.

इथं आमच्या घरच्या अर्थिंगबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खरं तर जाता येईल, पण मला जायचं नाही. सिडकोतलं हे घर घेतलं तेव्हा अण्णांनी रंगाआधी, ओट्याआधी, मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला. माणसापेक्षा खोल. मध्ये गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती थर: कोळसा, जाडं मीठ, कोळसा, जाडं मीठ. इतकं मीठ घरात येताना बघून आईला वाटलं, हे लोणच्याचा कारखाना काढताहेत. वर सिमेंटची चौकट, झाकण, आणि पाइपात पाणी ओतायला नरसाळं. चैत्र लागला की अण्णा रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओततात, कारण माती सुकली की तिची वीज पिण्याची ताकद जाते. नळाला दिवसाआड पाणी होतं त्या उन्हाळ्यातही आधी अर्थिंग, मग तुळस, मग आम्ही. शेजारी नवीन राहायला आलेल्या एका आजींनी ते झाकण समाधी समजून दोन गुरुवार हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी त्यांना अडवलं नाही. म्हणाले, “भाव बरोबर आहे.”

तिसरी पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हे मला बाराखडीआधी शिकवलं गेलं. ती सगळ्यांत आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते. अण्णांच्या मते कर्त्या माणसाचं वर्णन ह्याहून कमी शब्दांत होत नाही.

मी म्हटलं, “पण अण्णा, दुसरी वायर आहे ना! गिटारच्या वायरीतून हा त्या अँप्लिफायरच्या अर्थवर जातोच की.”

“आणि ती वायर निघाली तर?”

निघाली तर आणि आत बिघाड झाला, तर 230 व्होल्ट अँप्लिफायरच्या पत्र्यावर, पत्र्यावरून गिटारच्या तारांवर, आणि तारांवर मी. मी माइकला तोंड लावलं की माझ्यातून जमिनीकडे. हे काल्पनिक नाही. मे 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला स्टोन द क्रोज ह्या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे प्रेक्षकांसमोर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ 1976 साली घरीच, गिटार वाजवताना. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. हो, मशीन कानात घालून. ते बराच वेळ गप्प राहिले. मग निफाडकडच्या एका द्राक्षबागेबद्दल बोलले, ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पंपाच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी, अर्थची वायर कुणीतरी दुसऱ्या कामाला काढून नेलेली, आणि ओल्या हाताचा एकोणीस वर्षांचा मुलगा. अण्णा पोचले तेव्हा पंप चालूच होता. “पाणी वाफ्यात चाललं होतं,” ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

मी टॉप उघडून हिरवी वायर परत लावली. घुंऽऽ परत आली. तिच्याबद्दल पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

तोडायचं कडं, पण अर्थ न तोडता. उपाय निघाला तो छोटा ट्रान्सफॉर्मर, एकास एक. गिटार आणि दुसऱ्या अँप्लिफायरच्या मध्ये बसणारा. एका गुंडाळीतून दुसरीत आवाज चुंबकानं जातो, तार कुठेच जोडलेली नसते. सोवळ्यातल्या माणसानं प्रसाद वरून टाकावा तसं. तयार पेटी महाग होती, आणि अण्णांना तीन दिवस काही उद्योग नव्हता. माझ्या शाळेचा ॲल्युमिनियमचा पोळीचा डबा माळ्यावरून निघाला. त्यांचा हात थरथरतो म्हणून सोल्डर गन माझ्याकडे, आणि सूचना त्यांच्याकडे. “डाग चमकला पाहिजे. हा रुसलाय. परत लाव.” ते उलटलेलं पान मला तेव्हा आठवलं, अण्णांना काही बोललो नाही.

डबा जोडला. घुंऽऽ! ट्रान्सफॉर्मरनं वेगळे केलेले दोन्ही जॅक आम्ही एकाच पत्र्यात ठोकून पुन्हा एकत्र नांदायला लावले होते. अण्णांनी एका जॅकला प्लॅस्टिकचा वॉशर घातला. घुंऽऽ गेली, पण आता आवाज काकूंच्या दुधापेक्षा पातळ. एक स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. खालचे सूर मधल्यामध्ये संपत होते. माझ्या वाचनातून ह्यावर फेज, पोलॅरिटी असं व्याख्यान तयार होतं. अण्णा म्हणाले, “मोटर उलटी फिरली की दोन वायरी अदलाबदल करायच्या.” केल्या. खर्ज आला, खिडकीची काच हलली.

अण्णा उठले. कुठल्याही धातूला ते आधी उलटा हात लावतात. झटका बसला की मूठ आवळते. तळवा लावला तर माणूस चिकटतो, उलटा हात लावला तर हात मागे येतो. लहानपणी मला ताप आला की कपाळालाही ते उलटाच हात लावायचे, आणि मला वाटायचं, सगळ्यांचे वडील तसाच लावतात. तारांना त्यांनी उलटा हात लावला. थांबले. मग हात सुलटा करून तळवा तारांवर ठेवला आणि मला म्हणाले, “वाजव.”

“अण्णा, हात काढल्याशिवाय वाजणार नाही.”

त्यांनी हात काढला. मी तिन्ही कॉर्ड वाजवल्या. ते आधी डाव्या अँप्लिफायरपाशी वाकले, मग उजव्यापाशी. पुन्हा डाव्यापाशी.

“दोन्हीतून तेच वाजतंय.”

“हो.”

“मग दुसरा कशाला?”

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. मी दोन्ही अँप्लिफायरांचा आवाज एकेक घर वाढवला.