खिशातलं पोलाद

वरवट बकालमध्ये साठीपुढच्या माणसाच्या खिशात चुन्याची डबी असते, बीपीच्या गोळ्यांची पट्टी असते, शेगावहून आणलेली अंगाऱ्याची पुडी असते. या तिन्हींच्या खाली हाताला काही गार आणि जड लागलं, तर समजावं की आपण नानाजींच्या खिशात हात घातला आहे. (तो घालू नये, ही गोष्ट वेगळी.)

नानाजी हे कुणा एकाचं नाव नाही. कुणाकडे ते बापूजी असतात, कुणाकडे मोठेबाबा. निवृत्त गुरुजी, एसटीतून सुटलेले कंडक्टर, सोसायटीचे माजी सचिव अशा रूपांत ते संग्रामपूर तालुक्यात सगळीकडे आढळतात. खूण एकच. कुठेही काही कापायचं निघालं, की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो आणि तोंड आपोआप १९७५ सालाकडे.

“ह्याले चाकू म्हनतेत का राजेहो? चाकू आमच्या टायमाले होता!”

त्यांच्या टायमाचा पहिला चाकू सोनाळ्याच्या यात्रेतला. पितळी मूठ, आकार माशाचा, शेपटीला कडी. पातं लोखंडाचं, त्यामुळे कैरी कापली की पातंही काळं पडायचं आणि कैरीही. त्या कैरीला जी चव होती ती आता स्टेनलेस स्टीलमुळे गेली, असं नानाजींचं ठाम मत आहे. कैरीच्या झाडाचा, मिठाचा किंवा ती चोरून आणण्याचा या चवीशी काही संबंध असावा, हे ते मान्य करत नाहीत. वर्गात बाकीची पोट्टी बापाच्या दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शिसपेनला टोक काढत आणि बोट कापून घेत. नानाजी मासा उघडत. मास्तरही खडूचं खोकं उघडायला त्यांनाच हाक मारत. माणसाला गरजेचं असण्याची चटक लागते ती अशा वयात.

मग ‘वक्त’ आला. चित्रपट १९६५ सालचा, पण फिरत्या टॉकीजमधून आमच्या भागात पोचेपर्यंत रिळं पार झिजलेली. त्यात राजकुमार एका गुंडाच्या हातातला चाकू काढून घेतो आणि ही मुलांनी खेळायची वस्तू नव्हे, असं थंडपणे बजावतो. त्या रात्रीपासून तालुक्यातल्या झाडून सगळ्या मुलांना खेळायला तीच वस्तू हवी झाली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचं नाव भूगोलाच्या पुस्तकाआधी आम्हाला सिनेमाने शिकवलं. नानाजींनीही एक खटक्याचा चाकू पैदा केला. तो अस्सल रामपुरी होता याला पुरावा नाही. खटका दाबल्यावर तो उघडत नसे आणि खिशात असताना आपोआप उघडे. मांडीवरची खूण नानाजी एका मोठ्या भांडणातली म्हणून दाखवतात. माई, म्हणजे त्यांच्या सौ., आतून ओरडतात, “भांडन कायचं? बैलगाडीवर उडी मारली अन् खिशातच उघडला!”

पण नानाजींचा खरा जीव अडकलाय तो त्यानंतरच्या चाकूत. रांबोचा ‘फर्स्ट ब्लड’ हा सिनेमा १९८२ साली निघाला, त्याचा दुसरा भाग १९८५ साली. व्हिडिओवर तो पाहिलेल्या पिढीला जंगलात एकटं राहून दाखवायची घाई झाली. रांबोच्या चाकूच्या नकला बाजारात आल्या. पातं वीतभर, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ. मुठीत काड्या, दोरा, मासे धरायचा गळ आणि झाकणावर होकायंत्र. नानाजींनी मुंबईला जाणाऱ्या एका पाहुण्याकरवी तो मागवला. अजूनही तो कपाटात, धोतराच्या घडीखाली आहे.

आता वरवटला होकायंत्र कशाला लागतं? घराबाहेर यावं, ज्या दिशेला सातपुडा दिसतो ती उत्तर. ढगात डोंगर झाकला, तर शेगावकडे तोंड करून एसटीची वाट बघणाऱ्या कुणालाही विचारावं. काड्या पहिल्याच पावसाळ्यात सादळल्या. गळ वान नदीच्या पात्रात टाकायचा, तर उन्हाळ्यात आधी पात्रात पाणी हवं. आणि तहानेचं म्हणाल, तर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमीन खोदली की पाणी लागतं, फक्त ते पिता येत नाही. ही अडचण कुठल्याही चाकूच्या मुठीत मावणारी नाही. इथल्या बायाबापड्यांनी पिढ्यान् पिढ्या जीव तगवला तो डोक्यावर हंडा आणि हातात इळा घेऊन, आणि त्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

या चाकूचा खराखुरा उपयोग होईल अशी तालुक्यात एकच जागा आहे, अंबाबरवा अभयारण्य. तिथे वाघ आहे, दरी आहे, वाट चुकायची सोय आहे. नेमका तिथेच १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, आणि शस्त्राच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण यांच्याबरोबर चाकू आहे, गळसुद्धा आहे. म्हणजे नानाजींच्या एकाच मुठीत दोन गुन्हे. त्यांना मात्र हे ऐकून बरं वाटतं. सरकारने आपली दखल घेतली, असं वाटतं.

शस्त्र नियमांनी मात्र त्यांचा अपमान केलाय. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यालाच परवाना लागतो, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामाची हत्यारं त्यातूनही सुटतात. नानाजींनी शाळेची पट्टी लावून पाहिली. रोजचा चाकू साडेतीन इंच, रांबोचाही सात. माईंची पावशी मात्र रुंदीत सहज पुढे गेली, पण घरकामाची म्हणून सुटली. “खरं हत्यार माह्यापाशी हाये,” माई म्हणाल्या, “पन कांदा कापून द्या म्हनलं का मनतेत, हा चाकू त्या कामाचा नोय.”

नातवाने पुण्याहून स्विस चाकू आणून दिला. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८९१ साली स्विस सैन्याला असले चाकू पुरवायला सुरुवात केली, ते सैनिकाला बंदूक खोलता यावी आणि डबा फोडता यावा म्हणून. नानाजींकडे बंदूक नाही, डबा माई भरतात. त्या चाकूतली दात कोरायची काडी तेवढी रोज बाहेर येते. बूच काढायचा पिळाचा आकडा मात्र बैलाच्या दाव्याची करकचलेली गाठ सोडवायला नामी आहे. हा शोध स्वित्झर्लंडला कळवावा, असं त्यांच्या मनात आहे.

एका बाबतीत मात्र त्यांची चेष्टा करायला माझी जीभ रेटत नाही. सोनाळा-टुनकीकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि नानाजींनी तरुणपणापासून कलमं बांधली आहेत. जंबेरीच्या रोपावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर. साल उचलायची, पण आतल्या लाकडाला पातं लागू द्यायचं नाही. संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा त्या सालीखाली सरकवायचा, पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. हे करताना ते बोलत नाहीत. १९७५ नाही, रामपूर नाही, रांबो नाही. चाकू कसला, तर लाकडी मुठीचा, घासून घासून पातं अर्धं उरलेला. त्याच्याबद्दल त्यांनी कधी कुणाला काही सांगितलेलं नाही.

बाकी काळ नानाजींवर उलटलाच होता. पुडीवर ‘येथून फाडा’ छापून आलं, पोट्ट्यांच्या कंपासपेटीत शार्पनर आला, सुतळीच्या जागी रबर आलं. “नानाजी, चाकू हाये का?” असं कुणी विचारेना. खिशातलं पोलाद निष्कारण जड झालं. मग मोबाइलवरून माल मागवायची साथ आली आणि चिकटपट्टीत गुंडाळलेली खोकी वरवटच्या दुकानांत येऊन पडू लागली. ती पट्टी नखाने निघत नाही, दाताने तुटत नाही, किल्लीने नुसती ओरखडते. नानाजी सकाळी अकराला स्टँडजवळच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसतात. कामाचं काही नाही, पेपर वाचतात.

तर मंडळी, वरवटच्या पत्त्यावर काही मागवलंत, तर खोकं घरी नेऊन कात्रीने उघडू नका. फळीपाशी थांबा, किल्लीने जरा झटापट करा आणि मोठ्याने “छ्या!” म्हणा. पुढचं ते बघून घेतील. चहा तेवढा आधीच सांगून ठेवा, कारण पट्टी एका मिनिटात कापून होते, १९७५ साल तेवढ्यात होत नाही. मांडीवरची खूण दाखवली, तर भांडण कुणाशी झालं होतं तेवढं विचारा, आणि ते सांगतील ते खरं माना.