बेरिलबाई, जूनमध्ये कशाला त्रास घेतलात?

श्रीमती बेरिल यांसी,
मुक्काम पोस्ट अटलांटिक महासागर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, १ जुलै २०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास आपण आमच्या कॅरिअकू बेटावर पायधूळ झाडलीत, त्याचे रीतसर आभार मानायचे राहून गेले होते. ग्रेनाडा देशाचं हे धाकटं बेट. शेजारचं पेटिट मार्टिनिक धरूनही वस्ती दहा हजारांच्या आसपास. एवढ्या लहान जागी एवढी थोर मंडळी सहसा उतरत नाहीत. आपण उतरलात, सोबत ताशी २४० किलोमीटरचा वारा आणलात आणि फार वेळही घेतला नाहीत. अर्ध्या तासात बेट सपाट झालं, असं आमचे पंतप्रधान डिकन मिचेल यांनी त्याच दिवशी देशाला सांगितलं.

सर्वप्रथम, लवकर आल्याबद्दल आभार. आमच्याकडे वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, पण खरी धास्ती ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची. आपल्या घराण्यातल्या जॅनेटबाई १९५५च्या सप्टेंबरात आल्या. आयव्हनराव २००४च्या सप्टेंबरात आले आणि ग्रेनाडाची बहुतेक घरं मोडून गेले. पुढच्याच वर्षी एमिलीबाई जुलैच्या मध्यावर आल्या, तेव्हा जुन्याजाणत्यांनी तोंडात बोटं घातली होती. आपण तर जून सरायच्या आत चौथी श्रेणी गाठलीत. नोंदी ठेवायला लागल्यापासून अटलांटिकात हे कुणालाही जमलं नव्हतं. कॅरिअकू उरकून त्याच रात्री आपण पाचव्या श्रेणीलाही पोचलात आणि एमिलीबाईंना दोन आठवड्यांनी मागे टाकलंत. मनःपूर्वक अभिनंदन.

आपण येताय हे आम्हाला कळलं नव्हतं, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. आकाश बघणं हा इथला रोजचा उद्योग आहे. सकाळचा चहा हातात घेतला की पहिला प्रश्न, आफ्रिकेकडून काय निघालंय? तिथून दर तीन-चार दिवसांनी हवेची एक लाट पश्चिमेला निघते. बहुतेक लाटा पावसाची सर टाकून विरून जातात, एखादीच फिरायला लागते. मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र दिवसातून चार वेळा नकाशा काढतं. त्यावर पिवळा डाग दिसला की लक्ष ठेवायचं, नारिंगी झाला की यादी करायची, लाल झाला की दुकानात जायचं. म्हातारे नावाडी नकाशा बघत नाहीत. ते धक्क्यावर उभे राहून पूर्वेकडून येणाऱ्या लाटांमधलं अंतर बघतात आणि मग बोटीचा नांगर बघायला जातात.

जूनमध्ये आम्हाला आणखी एक भरवसा असतो, सहाराच्या धुळीचा. ती आली की डोंगर पुसट दिसतात, दम्याच्या रुग्णांचे हाल होतात, धुतलेले कपडे मळतात. तरी कुणी तिला नावं ठेवत नाही, कारण त्या कोरड्या हवेत वादळ सहसा बाळसं धरत नाही. आपण त्याचाही विचार केला होतात. धूळ उत्तरेला असते, म्हणून आपण खाली, दहाव्या अक्षांशाच्या आसपास जन्म घेतलात. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आणि काय ती चपळाई! शुक्रवारी रात्री आपलं नामकरण झालं. शनिवारी संध्याकाळी आपण हरिकेन झालात. रविवारी दुपार व्हायच्या आत चौथी श्रेणी. सोमवारी सकाळी दारात हजर. वादळाची तयारी म्हणजे काय काय असतं, हे आपल्याला सांगायची गरज नाही, पण वाचकांसाठी सांगते. बोट खारफुटीत नेऊन चारी बाजूंनी बांधायची. खिडक्यांना प्लायवूड ठोकायचं. इन्सुलिन, गॅस, बॅटरी, मेणबत्त्या आणायच्या. घराची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना शाळेतल्या निवाऱ्यात हलवायचं आणि ते घर सोडायला तयार नसले तर त्यांची मनधरणी करायची. एवढं सगळं आपण एका शनिवार-रविवारात बसवायला लावलंत.

हवामान खात्याला दोष देण्याची सोयसुद्धा आपण ठेवली नाहीत, हे आपलं मोठेपण. नकाशावर वादळाच्या पुढे पांढरा शंकू काढतात. वादळाचा केंद्रबिंदू तीनपैकी दोन वेळा त्या शंकूत राहतो, एवढाच त्याचा अर्थ. वारा आणि पाऊस शंकूच्या बाहेरही झोडपतात, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. आपण अंदाजाचा मान राखलात आणि सांगितलेल्या वाटेनं सरळ आलात. नकाशा बरोबर होता, रेडिओ बरोबर होता, माणसं जागी होती. फक्त वेळ नव्हता. आमची इतक्या पिढ्यांची वादळ ओळखण्याची विद्या वेळेवरच उभी आहे, आणि आपण नेमका तोच नेलात.

आता छपरांविषयी. त्यांची विचारपूस आपण अगदी घरटी केलीत. बेटावरच्या जवळपास सगळ्या इमारतींना आपला हात लागला. वारा आधी वळचणीखाली शिरतो, कडेचा एक पत्रा सुटतो, मग आत घुसलेली हवा उरलेले पत्रे खालून उचलते. मी हे कानांनी ऐकलंय. पहिला पत्रा सुटायला वेळ लागतो, पुढचे मोजता येत नाहीत.

पण कॅरिअकूत पत्रा हा नुसता आडोसा नसतो, हे आपण बरोबर हेरलंत. या बेटावर नदी नाही. घराचं छप्पर, छपराच्या कडेची पन्हळ आणि पन्हळीखालची सिमेंटची टाकी, हीच इथली पाणीपुरवठा योजना. पाऊस छपरावर पडतो, टाकीत उतरतो आणि वर्षभर पुरवून वापरला जातो. आपण निघून गेल्यावर पावसाळ्यानं जोर धरला. पाऊस होता, टाकीही होती, मधलं छप्पर नव्हतं. माझ्या शेजारच्या घरातल्या चौघांनी निळ्या ताडपत्रीचे चार कोपरे धरले, मध्ये पाणी साठू दिलं आणि एक कोपरा खाली करून ते बादलीत ओतलं. दर सरीला हेच. घरातली आजी ती बादली स्वयंपाकासाठी बाजूला ठेवायची आणि तिच्यातलं पाणी हात धुवायलाही घेऊ देत नव्हती. भर पावसात माणसाला तहानलेलं ठेवण्याचं हे कसब आम्ही विसरणार नाही.

टिरेल बेच्या खारफुटीकडेही आपण आवर्जून लक्ष दिलंत, त्याबद्दल आभार. वादळ आलं की बोटींनी तिथे शिरायचं, ही इथली पिढीजात रीत. यंदाही बोटी तिथे विश्वासानं गेल्या. आपण त्या एकमेकींवर चढवल्यात आणि हिरव्या खारफुटीचा पाला असा ओरबाडलात की काठाला तपकिरी काटक्या उरल्या.

विंडवर्ड गावात लाकडी बोटी बांधतात. नकाशा न काढता, डोळ्यांच्या अंदाजानं, बापाकडून लेकाकडे आलेली ही विद्या. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं तिची मानवतेच्या वारशात नोंद केली. त्याला सात महिनेही झाले नव्हते. आपण सत्काराला येणार हे कळलं असतं, तर निदान हत्यारं तरी हलवून ठेवली असती.

बेटावरच्या एकुलत्या इस्पितळालाही आपण वगळलं नाहीत. जखमी तिथेच येणार, हे आपल्याला ठाऊक असावं. शेजारच्या युनियन बेटावरही आपण अशीच कृपा केलीत. तिथली दहातली नऊ घरं मोडली. माणसंही गेली. त्यांच्याबद्दल मी आपले आभार मानणार नाही. पत्राची रीत मोडली तरी चालेल.

माझ्या मूळ मुलखात, महाराष्ट्रात, आपलं नाव घरोघरी पोचलं ते वेगळ्या कारणानं. २९ जूनला भारतानं बार्बाडोसमध्ये विश्वचषक जिंकला आणि आपल्यामुळे टीम तिथेच अडकली. ४ जुलैला विशेष विमान दिल्लीला उतरलं आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला. तो आनंद खरा होता, मलाही झाला. पण बार्बाडोसपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास एक अख्खं बेट उघड्यावर पडलंय, हे त्या बातम्यांत शोधूनही सापडत नव्हतं. माझा फोन लागला तेव्हा घरच्यांनी आधी खुशाली विचारली आणि पाठोपाठ विचारलं, "टीमला जिथे वादळ लागलं, ते तुमच्यापासून लांब असेल ना?" आपण क्रिकेटचा मुहूर्त साधून आमच्या दुःखावर दुसऱ्याची बातमी पांघरलीत.

आमच्या तिजोरीचीही आपण काळजी वाहिलीत. आयव्हन आणि एमिलीनंतर शहाणं झालेल्या ग्रेनाडानं आपल्या कर्जरोख्यांत एक अट घालून घेतली आहे, की मोठं वादळ आलं तर हप्ता पुढे ढकलता येईल. आपल्यामुळे ती अट वापरायची वेळ आली, आणि असं करणारा ग्रेनाडा हा जगातला पहिला देश ठरला. हप्ता माफ झालेला नाही, लांबलाय. छप्पर आधी बांधायचं की आधीच्या छपराचं कर्ज फेडायचं, हा हिशेब आता आमच्या पोरांकडे जाईल.

या सगळ्याबद्दल आपला यथोचित सन्मानही झाला. २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं आपलं नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढलं. फार नासधूस करणाऱ्यांनाच तो मान मिळतो.

बेरिलबाई, आता एक गोष्ट सरळच बोलते. आपण आगंतुक नव्हतात. आपल्याला आवतण होतं, पण ते आम्ही धाडलं नव्हतं. वादळाला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं लागतं. २०२४च्या जूनअखेर अटलांटिकाच्या पोटात जेवढी उष्णता होती, तेवढी एरवी सप्टेंबरच्या मध्यावर असते. म्हणून सप्टेंबरातली पाहुणी जूनमध्ये आली. ते पाणी कॅरिअकूच्या चुलींनी तापवलेलं नाही. आमच्याकडे मोठे कारखाने नाहीत, मोठी धुराडी नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे हवामानविषयक प्रमुख सायमन स्टील याच बेटाचे. आपण येऊन गेल्यावर ते इथल्या पडक्या घरांत उभे राहिले, आणि हेच जगाला सांगत आले आहेत. बडे देश मान डोलावतात आणि पुढच्या परिषदेची तारीख ठरवतात.

तेव्हा आपल्याला एकच विनंती. दर सहा वर्षांनी फिरणारी आपली नावांची यादी २०३० मध्ये पुन्हा येईल, तेव्हा आपल्या जागी ब्रियाना हे नाव असेल. त्यांना आमचा निरोप द्यावा. जूनमध्ये येऊ नये. आमचे पत्रे, टाक्या आणि बोटी ऑगस्टपर्यंत तयार होतात. आणि यायचंच असेल, तर ज्यांच्या धुरानं आपल्याला बोलावलं त्यांच्याकडून आधी एवढं वदवून घ्यावं: प्रत्येक घराला वारा सोसणारं छप्पर, इस्पितळाला काँक्रीटचं छत, आणि हे सगळं कर्जानं नव्हे, भरपाई म्हणून. आम्ही आकाश बघायचं काम चोख करतोय. आता त्यांनी बिल भरायचं काम करावं.

कळावे. लोभ आटोपता घ्यावा, ही विनंती.

आपली,
कॅरिअकूची एक मराठी रहिवासी