वेळापत्रकातली माया

‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी नागपूरला पोहोचलो आहोत,’ अशी घोषणा झाली की विमानात धन्यतेची लहर उठते. वैमानिकानं नागपूरच्या वाडी नाक्याला आडवाटेनं विमान घातलं असावं, अशा कौतुकानं माणसं एकमेकांकडे बघतात.

मुंबईहून नागपूरला नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते आणि ७०० किलोमीटरसुद्धा भरत नाही. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं. चढणं-उतरणं धरून तास, फार तर सव्वा तास. तिकिटावर मात्र दीड तास, कधी त्याहूनही जास्त. शिंपी परकराला आतून माया ठेवतो, तशी ही मिनिटं वेळापत्रकात दुमडून ठेवलेली असतात. उशीर झाला की उसवायची, नाही झाला की ‘लवकर आलो’ म्हणून मिरवायचं. शिवाय १५ मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरतच नाहीत.

त्यातून ‘सुटणं’ म्हणजे उडणं, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. दार लागलं, विमान जागेवरून मागे ढकललं, की ते सुटलं. मग ते मुंबईत रांगेत उभं राहतं, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात आणि एका वेळी एकच वापरावी लागते. पुढे सहा विमानं, मधूनच उतरणारं एखादं. खिडकीतून समोरची झोपडपट्टी दिसतेय, कुणाच्या तरी पत्र्यावर वाळत घातलेला शर्ट दिसतोय, तो वाळलाही, आणि कागदोपत्री आपण वेळेवर निघून नागपूरच्या वाटेला लागलेलो आहोत.

बरं, ही माया प्रवाशाला आहे का? नाव नको! दोन तास आधी या, बूट-पट्टा काढा, गेट २५ मिनिटं आधी बंद. तुम्ही धापा टाकत दोन मिनिटं उशिरा पोहोचलात, तर काचेपलीकडे विमान उभं दिसत असतं आणि काउंटरवरची मुलगी गोड हसून तुम्हाला दुसरं तिकीट विकते. विमान कंपन्यांच्या १५ मिनिटांना उशीर म्हणायचं नाही, आपल्या दोन मिनिटांना मात्र हजारो रुपये! हा कुठला न्याय? आपण छापील वेळ पाळायची आणि त्यांनी ती छापायची, एवढीच काय ती कामाची वाटणी.

आणि लवकर पोहोचून होतं काय? विमानाला उभं राहायला जागा रिकामी नाही, म्हणून ते उतरल्यावर वाटेतच थांबतं. सगळे डोक्यावरच्या कप्प्यांखाली मान वाकडी करून ताटकळतात. पुढच्या वेळापत्रकात या ताटकळण्याचीही दहा मिनिटं घालतील, म्हणजे नागपूर आणखी लवकर येईल.