उद्दिष्टपूर्ती: नव्या शाखाधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

बँकेत नव्याने शाखाधिकारी झालेल्यांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. उद्दिष्ट फार जोरात गाठायचे नसते. गाठलेले उद्दिष्ट पुढच्या वर्षी बाळसे धरून परत येते. यंदा १४० टक्के केलेत, तर रिजनल ऑफिस त्यालाच पाया धरते आणि वर आणखी वीस टक्के चढवते. म्हणून अनुभवी माणसाचे वर्ष १०२ टक्क्यांवर संपते. उरलेले अर्ज एप्रिल उजाडेपर्यंत ड्रॉवरमध्ये विश्रांती घेतात.

उद्दिष्ट कसे असावे, याला शास्त्राधार आहे. १९८१ साली जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने ‘स्मार्ट’चा मंत्र दिला. उद्दिष्ट नेमके असावे, मोजता यावे, कोणावर तरी सोपवता यावे, वास्तववादी असावे आणि त्याला मुदत असावी. आपल्या शाखेपर्यंत येता येता यातले ‘वास्तववादी’ वाटेत कुठेतरी गळाले. ‘कोणावर तरी सोपवता यावे’ मात्र सुखरूप पोहोचले आहे. नव्या क्लार्ककडे बघा.

आता मोजणी. काय मोजायचे हे एकदा ठरले की काम निम्मे झालेच. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली आणि एका आठवड्यात १ कोटी ८० लाखांवर खाती उघडल्याचा विक्रम गिनीज बुकात गेला. मग वरिष्ठांचे लक्ष दुसऱ्या रकान्याकडे गेले: शून्य शिल्लक असलेली खाती किती? ती कमी व्हायला हवीत. २०१६ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’ने छापले, की काही शाखांतील कर्मचारी अशा खात्यांत एकेक रुपया भरत होते. एकच रुपया! खातेदाराची गरिबी हटवायला पंचवार्षिक योजना पुरल्या नाहीत. रकान्यातली गरिबी रुपयात हटली. ही युक्ती प्रथम ज्याला सुचली, त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही, हा खरा अन्याय.

प्रगतीचा आलेख काढताना आकडे नेहमी संचयी घ्यावेत. एप्रिलपासूनची बेरीज कधी खाली येत नाही. तरीही रेघ आडवी दिसू लागली, तर उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू करावा; टेकाडाचा कळसूबाई होतो. मागच्या महिन्याशी तुलना वाईट दिसत असेल तर मागच्या वर्षाशी करावी. तीही वाईट असेल तर शेजारच्या शाखेशी. शेऱ्याच्या रकान्यात ‘प्रगतिपथावर’ लिहावे. पथ किती लांब आहे, हे आजवर कोणत्याही रिव्ह्यू मीटिंगमध्ये विचारले गेलेले नाही.

ठेवींचे उद्दिष्ट मार्चअखेरपर्यंत तसेच ठेवले तरी चालते. ३१ मार्चच्या दुपारी ओळखीच्या व्यापाऱ्याला गोड आवाजात फोन करावा. रक्कम संध्याकाळी येते. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी व्यवहार बंद असतात, त्यामुळे ती रात्रभर आणि वर एक दिवस निवांत मुक्काम करते. २ तारखेला तिला सन्मानाने निरोप द्यावा. ताळेबंदात मात्र ती कायमची राहते.

एक इशारा. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने एका ग्राहकामागे आठ उत्पादने विकायचे ठरवले होते. मग ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली गेली. २०१६ साली १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी घरी गेले. असला अडाणीपणा आपण करत नाही. आपण ग्राहकाला रीतसर विचारतो: लॉकर हवा आहे ना काका, मग ही विम्याची पॉलिसी घेऊन टाका. काका सही करतात. सहीला संमती म्हणतात आणि पॉलिसीला अचिव्हमेंट. काकांचे वय ७४ आहे आणि हप्ता दहा वर्षे भरायचा आहे, पण वयाचा रकाना आपल्या तक्त्यात नाही.

एवढे वाचून झाले असेल, तर आजचा आकडा साडेपाचच्या आत ग्रुपवर टाका. शून्य असेल तर ‘निरंक’ लिहा, आणि खाली हात जोडलेले चिन्ह टाकायला विसरू नका.