लिनक्सकाका

मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत एखादे लिनक्सकाका सापडतातच. आमच्याकडे आहेत. "विंडोजला पैसे मोजायचे आणि वर व्हायरस पोसायचा?" असा सवाल त्यांनी एजीएममध्ये टाकला, आणि 'फुकट' हा शब्द कानावर पडताच कमिटीने उबुंटू एकमताने मंजूर केलं.

परवा मेंटेनन्सची बिलं काढायला बसलेल्या खजिनदारांना मशीनने सुनावलं, डिस्कवर जागा शिल्लक नाही. लॅमिंग्टन रोडवरून नवी डिस्क आणायचं ठरतंय, तोवर काका बर्म्युडा सावरत हजर. "डिस्क कशाला? आधी खाल्लं कुणी ते बघा!" 'डीएफ' मारलं, शंभर टक्के भरलेली. मग 'डीयू'ने एकेक फोल्डर मोजत काका 'व्हार'मध्ये शिरले, तिथून 'कॅश', तिथून 'एपीटी', आणि 'आर्काइव्ह्ज'मध्ये थबकले. अकरा जीबी! आजवरच्या अपडेट्सची झाडून सगळी पॅकेजेस.

साठवली कुणी? काकांनीच. २०१६ पासून नुसती 'एपीटी' ही कमांड पॅकेज इन्स्टॉल झाल्यावर उतरवलेली फाइल आपणहून पुसते. पण काका पडले जुन्या 'एपीटी-गेट'चे, आणि ते काही पुसत नाही. व्हीएसएनएलच्या डायल-अपवर फोनचं बिल सोसून रात्रभर एकेक पॅकेज उतरवलेला माणूस. त्याला ते टाकणं म्हणजे ताटात अन्न टाकण्यासारखं.

"'क्लीन' मारा ना," खजिनदार म्हणाले.

"सगळं जाईल! 'ऑटोक्लीन' करू. ते विचार करून पुसतं."

आधी नुसती यादी काढली, आणि काका भडकले. ऑटोक्लीन फक्त सर्व्हरवरून गेलेल्या आवृत्त्या पुसतं. "म्हणजे बाहेर केव्हाही मिळतं ते ठेवायचं, आणि मिळत नाही ते फेकायचं? हे लिहिलं कुणी?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हीच पंचाईत.

"पण जुनं लिब्रेऑफिस ठेवून करणार काय?"

"नवं बिघडलं तर जुनं लावायला नको?"

"आजवर कधी लावलंत?"

"बिघडलंच नाही ना अजून!"

अखेर अकराच्या अकरा जीबी पेनड्राइव्हवर उतरवल्यावर काकांनी 'क्लीन' टाइप केलं. एंटर मात्र खजिनदारांना मारायला लावला. बिलं निघाली. पेनड्राइव्हचं व्हाउचर काकांनी 'संगणक दुरुस्ती'खाली लावलंय. ते पास करायचं की नाही, यावर कमिटीत अजून वाद चालू आहे.