जुनं पुढे, नवं मागे

जगाचा भरवसा कमी झाला की तरुण माणसं सॅक विकत घेतात. माझ्या नणदेच्या मुलाने गेल्या पावसाळ्याआधी आम्हालाही एक आणून दिली. संकट आलं तर बाहेरची मदत पोहोचेपर्यंत तीन दिवस घरच्यांना तग धरता यावा, एवढं सामान तिच्यात होतं. टॉर्च, जास्तीचे सेल, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मलमपट्टी, बिस्किटांचे पुडे, सुट्ट्या नोटा, रेशनकार्डापासून विमा पॉलिसीपर्यंतच्या झेरॉक्स आणि एक शिट्टी.

"शिट्टी कशाला रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, ढिगाऱ्याखाली अडकलो तर ओरडून ओरडून घसा बसतो. शिट्टीला दम कमी लागतो."

सासूबाईंना हे तत्काळ पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गॅलरीतली कबुतरं शिट्टीने हाकलू लागल्या. दम खरंच कमी लागतो.

बाकीच्या सामानाचंही फार वेगळं झालं नाही. दोन सेल भिंतीवरच्या घड्याळात गेले, दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये. अवेळी पाहुणे आले तेव्हा बिस्किटं गेली, आणि अवेळी येणारा पाहुणा हीसुद्धा आपत्तीच असते, असा युक्तिवाद आमच्या ह्यांनी केला. सुट्ट्या नोटा भाजीवाल्याकडे पोहोचल्या. दिवाळीत दाराआड टांगलेली सॅक झटकायला काढली, तेव्हा तिच्यात फक्त झेरॉक्स उरल्या होत्या. म्हणजे आम्ही वाहून गेलो असतो तरी आमची ओळख पटली असती.

त्याच घरात, त्याच काळात, सासूबाईंच्या फळीवरचे डबे मात्र भरलेले होते. त्या श्रीवर्धनच्या. तिकडे मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. मृगाच्या आधी तांदूळ, डाळी, कोकमं, सुकट, मिरच्या, मीठ, काड्यापेट्या सगळं घरात येऊन पडलं पाहिजे. चार महिने रस्ता राहिला तर राहिला. पुण्यात आता कोपऱ्यावर दुकान आहे आणि फोन केला तर दुकान दारातही येतं, तरी त्यांची आगोट चुकत नाही. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ. चूल पेटली नाही तरी मेतकूट दह्यात कालवून भाकरीच्या शिळ्या तुकड्याशी खाता येतं, हे कुठल्याही सॅकच्या यादीत नसतं.

पण डबे भरलेले असण्यापेक्षा ते रोज उघडतात हे महत्त्वाचं. नवी डाळ आली की जुनी पुढे येते, नवी मागे जाते. डब्याला हात लागतो, म्हणून त्यात टोका झाला की लगेच कळतं. पाण्याचंही तेच. आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे, तरी सासूबाई रोज संध्याकाळी कळशी आणि दोन बादल्या भरतात, आणि सकाळी ते 'शिळं' पाणी कुंड्यांना घालतात. मी पूर्वी हसत असे. मग हिशेब घातला. पिणं आणि जुजबी स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर म्हटलं तर चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर लागतात. पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांनी पाणी शुद्ध होतं, तयार होत नाही.

आगोट भरली की माणूस सुटला, असंही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते नेमकं आगोट भरून झाल्यावर. पत्रे आणि कौलं उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि चार महिन्यांचं धान्य एका दुपारीत भिजलं. सासूबाईंच्या माहेरी पोत्यातला तांदूळ गेला. घट्ट झाकणाच्या पिंपातला वाचला. वीज यायला तिथे कित्येक आठवडे लागले. रेंज नाही, एटीएम बंद, फोनमधले पैसे फोनमध्येच. त्या दिवसांत ज्याच्या खिशात दहा-वीसच्या नोटा तो सावकार. आणि सासूबाईंना भावाची खुशाली कळली ती कशी? गावातला एक मुलगा रेंज शोधत टेकडीवर चढला, त्याच्या हातात चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर आमच्या घरचा नंबर भावाने पाठ असल्यामुळे लिहून दिला होता. मला आज माझ्या स्वतःच्या मुलीचा नंबर पाठ नाही. तो फोनला पाठ आहे. आता आमच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. वर ११२, खाली नातेवाईक, आणि त्याखाली, सासूबाईंच्या आग्रहावरून, गॅसवाला.

न फिरणारी साठवण नासते याचा सर्वात चोख पुरावा मात्र धान्याने नव्हे, पैशाने दिला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि गावोगावच्या डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देवाच्या तसबिरीमागून अडीअडचणीचा पैसा बाहेर आला. घरच्या पुरुषांना त्या दिवशी घराची खरी आर्थिक स्थिती समजली. आमच्याकडे उडदाच्या डब्यातून किती निघाले, ते मी इथे सांगणार नाही. ह्यांना अजून अर्धीच रक्कम ठाऊक आहे.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या सभेत सांगितलं नाही, कारण तिथे गच्चीच्या किल्लीवरून वाद चालू होता. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा लोक वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर जाऊन बसले. आमची इमारत ओढ्याकाठी, गच्चीला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. ते जुलैत मुलाकडे बंगळुरूला असतात. गंमत अशी की एप्रिल-मेमध्ये ही अडचण नसते. तेव्हा कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात, किल्ली या घरातून त्या घरात जाते आणि ती आत्ता कोणाकडे आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हंगाम संपला की तीच किल्ली सुरक्षित जागी जाते आणि कोणालाच सापडत नाही.

सासूबाई म्हणाल्या, वरच्या जिन्यात खिळा ठोका आणि बारा महिने तिथेच टांगा.

"पण आजी, चोर आला तर?" चेअरमन म्हणाले.

"येऊ दे की. चार जिने चढून गच्चीवर जाईल आणि काय नेईल? टाकी?"

ठराव मंजूर झाला. खिळा कोणी आणायचा, हे पुढच्या सभेत ठरेल.